थंड ट्यूब

"तुम्ही बॅटरी तासभर टिकेल म्हणाला होतात, ताई. दोन महिने झाले, बॅटरी बदललेलीच नाही!" गिटारवाल्याने गिटारचा आवाज बदलणारं, पायाने दाबायचं पेडल दुकानाच्या काउंटरवर ठेवलं. "आणखी एक द्या. मित्राला हवंय."

ताई हसली नाही. पेडलमध्ये आवाज मोठा करणारी काचेची व्हॅक्यूम ट्यूब होती. तिच्या पोटातली तार लाल होईपर्यंत तापली तरच तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते तापवता तापवता छोटी बॅटरी तासाभरात मान टाकते. दोन महिने ती टिकूच शकत नाही.

मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्यूबला अडीचशे-तीनशे व्होल्ट मिळतात. इथे नऊ. अर्धपोटी ट्यूब दमते, आवाज फाटतो, आणि ते फाटणं गोड लागावं म्हणून ताईने वर्षभर डोकं फोडलं होतं. सर्किट तिचं, पहिलं पेडल तिच्या हातचं. पुढची सगळी धाकटा भाऊ मागच्या खोलीत जोडायचा.

"वाजवा बरं," ती म्हणाली.

"तापू दे की आधी," गिटार पेडलला जोडत तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंय. पुलाखाली वाजवतो तिथेही लोकांना सांगतो, खरी ट्यूब आहे, जरा दम धरा."

तिने झाकण उघडलं. ट्यूब नारिंगी उजळली होती. तिने काचेला बोट लावलं. काच थंडगार होती. खाली एक नारिंगी एलईडी दिवा बसवला होता आणि सॉकेटला एकही वायर जोडलेली नव्हती.

"वाजवा."

त्याने तार छेडली. ताईने ट्यूब उपटून काढली. आवाज जसाच्या तसा येत राहिला.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. "बाहेर ये!" ती ओरडली.

भाऊ हात पुसत आला, त्याला काउंटरवरची ट्यूब दिसली. "अगं, बॅटरी संपते म्हणून रोज बोंब व्हायची. ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टर टाकला, तो तापवावा लागत नाही. आवाज चांगलाच आहे ना? लोकांना उजेड बघायचा असतो, ताई."

"खरी ट्यूब आहे म्हणून लोकांना मी सांगते! माझ्या तोंडाने! आणि तू मला खोटारडी ठरवतोस?"

"एवढं काय त्यात? यांनाही कळलं नव्हतंच."

गिटारवाला ट्यूबकडे बघत होता. अख्ख्या गावापुढे मूर्ख ठरल्याचा राग त्याच्या मानेवर चढलेला दिसत होता, पण तो आवाज न चढवता म्हणाला, "लोक खरंच थांबायचे हो."

"मला माहीत नव्हतं," ताई म्हणाली. "शप्पथ, मला यातलं काही माहीत नव्हतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे. दोघांची नाकं सारखी होती, पाटीवर आडनाव एकच होतं.

"असेल," तो म्हणाला.

"नीट करून देते. आत्ता, तुमच्यासमोर."

"राहू दे."

त्याने गिटार पिशवीत घातली. पेडल घेतलं नाही, पैसेही मागितले नाहीत. भांडला असता तर ताईला बरं वाटलं असतं, निदान उत्तर देता आलं असतं.

दार बंद झाल्यावर भाऊ म्हणाला, "जाऊ दे गं. एक गिऱ्हाईक गेलं."

ताई मागच्या खोलीत गेली. गिऱ्हाइकांना पाठवायला रचलेल्या खोक्यांतलं पहिलं तिने ओढलं आणि पेडलचे स्क्रू काढायला घेतले. झाकण निघताच तिने एलईडी उपटून फेकला आणि सॉकेटला पहिली वायर जोडली.