घंटेआधी उठणारी

बेकरीतली घंटा अशी वाजायची की गाढ झोपलेला माणूस उभा राहूनच डोळे उघडायचा. ती आजीनेच बसवून घेतलेली, भट्टी आणि झोपायच्या खोल्यांच्या मधोमध. कारागीर आजीला मालकीणबाई म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पण तिचा खरा तोरा निराळाच. घंटेनं तिला उठवलंय असं आजवर कधी झालं नव्हतं. घंटा वाजायच्या आत ही बाह्या सरसावून तयार. शाळा फारशी शिकली नव्हती. तिथं आपल्याला शिकवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सोडली, असं ती सांगायची आणि उलट विचारायची कोणाची छाती नव्हती.

एका सकाळी त्याच घंटेनं नात पडली. अंथरुणात दचकून उठून बसली आणि तशीच आडवी झाली. लगेच शुद्धीवर आली, पण सुनेनं तिला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. सोबत आजीचा मुलगा, म्हणजे नातीचा बाप होता आणि आजीही, कारण तिला वगळून त्या घरात कोणी शिंकतसुद्धा नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली. हृदयाच्या प्रत्येक पेशीला बारीक दारं असतात, म्हणाल्या. त्यांतून क्षार आतबाहेर करतात आणि त्यावरच ठोका चालतो. मेंदूतही अशीच दारं असतात. नातीच्या हृदयातलं बाहेर जायचं एक दार आळशी आहे, त्यामुळे एका ठोक्यानंतर पुढच्यासाठी तयार व्हायला हृदयाला अंमळ वेळ लागतो आणि पट्टीवरची रेघ लांबते. त्यात अचानक कर्कश आवाज झाला, की ताल सुटतो. गोळी रोज घेतली आणि घंटा काढली, तर पोरगी छान जगेल. मात्र असं आळशी दार घडवणारं जनुक आईकडून किंवा वडिलांकडून येतं.

"आईकडून," आजी म्हणाली. तपासणी अजून व्हायची होती.

सुनेच्या माहेरी कोण कसं फिकट, कोण जिना चढताना कसं थांबतं, हे तिनं परतीच्या वाटेवर सविस्तर ऐकवलं. सून खिडकीबाहेर बघत राहिली. मुलानं घरी पोचताच घंटा उतरवली, तेवढंच त्याच्या हाती होतं.

निकाल आला तो सुनेला सोडून मुलावर. आजीनं लगेच सावरून घेतलं आणि सगळा बोजा आपल्या दिवंगत नवऱ्यावर टाकला. तो बिचारा आयुष्यभर तिचं ऐकत आला होता, आता तर हूं की चूं करायचीही सोय नव्हती.

डॉक्टरीणबाई मात्र सोडेनात. नवऱ्याच्या बाजूला आता कोणी उरलं नव्हतं. आजीच्या बाजूला धाकटी बहीण होती आणि तिच्या घरात नातवंडांचा नुसता बाजार. जनुक आजीकडून आलं असेल, तर त्यांतलं एखादं पोर हेच घेऊन हिंडत असेल, आणि ते पडेपर्यंत कोणाला कळणार नाही. आजीनं रक्त द्यावं, एवढंच.

"आमच्याकडे कोणी पडत नाही," आजी म्हणाली. "मी घंटेच्या आधी उठते. विचारा कोणालाही."

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. आवाज न चढवता.

"आई, घंटा वाजायची तेव्हा तुम्ही मैद्याच्या कोठीत असायचात. आतून कडी लावून. मला वाटायचं, पोती मोजताय."

आजीनं सुनेकडे असं पाहिलं, जसं ती फसलेल्या कणकेकडे पाहायची. मग नातीकडे पाहिलं आणि तिची नजर उतरली.

"शाळेची घंटा होती," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावरच वाजली. मी फळ्यापाशी कोसळले. बाई म्हणाल्या, नाटकं करते. पुन्हा त्या दारात पाय ठेवला नाही." आणि बाही वर करत नर्सला दटावलं, "बघत काय उभी आहेस? घे रक्त."

जनुक तिचंच निघालं. त्याच संध्याकाळी तिनं बहिणीला फोन लावला. घाबरवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून घराण्याची ठेव असल्यासारखं सांगितलं. पलीकडून बहीण फणकारली, की थोरली म्हणून सगळं तुलाच मिळालं, हेही तूच घेतलंस का? मलाही असणार. आणि सगळी पलटण घेऊन ती दवाखान्यात थडकली.

तिलाही होतं. नातवंडांत एकट्या शेंडेफळाला निघालं, आणि एकदाही न पडता त्याची गोळी सुरू झाली. ते कळल्यावर आजीनं सुनेचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तोंडानं मात्र तिला एवढंच म्हणाली, की तुझं लक्ष कामापेक्षा माझ्यावरच जास्त असतं.

पलीकडे बहीण दोघींच्या ईसीजीच्या पट्ट्या शेजारी शेजारी धरून उजेडात बघत होती.

"ताई, माझी रेघ तुझ्याहून लांब आहे."

"दाखव इकडे," आजी म्हणाली. "तू उलटी धरली असशील."

यात मिरवण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरीणबाई दोघींना समजावत होत्या. पण दोघींनी तोवर फूटपट्टी मागितली होती.