स्क्रू माझा ढिला होता

मी एक हँगर बोलतोय. कपड्यांचा हँगर नव्हे, तो बिचारा कपाटात अब्रूने राहतो. मी दारावरचा. ऋतूप्रमाणे घराच्या दाराला जी सजावट करतात, ती टांगण्यासाठी माझा जन्म झाला. खरं तर बोलायला तोंड नाही मला. पण गप्प बसूनच एवढं नुकसान केलंय की आता सांगून टाकतो.

माझी रचना अगदी साधी. लोखंडाच्या दोन चपट्या पट्ट्या. वरची पट्टी दाराच्या माथ्यावर अडकते, खालच्या पट्टीच्या टोकाला आकडा. दोघींच्या मधून एक स्क्रू जातो. तो सैल केला की खालची पट्टी वर-खाली सरकते, आवळला की जिथल्या तिथे राहते. उंच माणसांच्या घरात वर, लहान मुलांच्या घरात खाली. माझ्या खोक्यावर छापलं होतं, ‘कोणत्याही दाराला, कोणत्याही उंचीला.’ ते वाचून मी फार फुगलो होतो.

एक गोष्ट मात्र मला कारखान्यापासूनच ठाऊक होती. माझ्या स्क्रूचे आटे, म्हणजे पकड धरणारे वळसे, नीट पडले नव्हते. तपासणाऱ्या बाईंनी मला हातात घेतलं, स्क्रू फिरवला, कपाळाला आठी घातली. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. त्यांनी मला ‘पास’च्या पेटीत टाकलं आणि डबा घेऊन निघून गेल्या. मी मनात म्हटलं, वाचलो बुवा! नापास होण्याची भीती मला तेव्हा सगळ्यात मोठी वाटत होती.

दुकानातून मला एका सूनबाईंनी घरी आणलं. चार मजली इमारत, तिसरा मजला, लांबलचक व्हरांडा आणि त्यावर ओळीने सहा दारं. सहाही दारं चॉकलेटी, सहाही एकाच मापाची. बिल्डरने एकदाच रंग आणला असावा. मीसुद्धा चॉकलेटी, त्यामुळे दारावर बसलो की दिसायचो नाही. मला त्याचं काही नव्हतं, आपलं काम दुसऱ्याला दाखवण्याचं.

घरात तीन माणसं. सूनबाई घरीच शिवणकाम करायच्या, त्यांचे यजमान ऑफिसात जायचे, आणि तिसरे बाबा. बाबा म्हणजे सूनबाईंचे सासरे. त्यांनी उभी हयात घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपण्यात घालवली. सगळी इमारत त्यांना ‘मीटरकाका’च म्हणायची. कोणाचा मीटर जिन्याखाली, कोणाचा कोळशाच्या खोलीत, कोणाच्या दारात चावरा कुत्रा, सगळं त्यांना तोंडपाठ. पण आता त्यांच्या डोक्यातून आकडेच पळायला लागले होते. आधी फोन नंबर गेले, मग वाढदिवस गेले, आणि एक दिवस स्वतःच्या घराचा नंबरही गेला.

त्या दिवशी ते व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते फिरत राहिले. शेवटी सूनबाईच बाहेर आल्या म्हणून बरं.

“यांना आता एकटं सोडायला नको,” बाबांचा मुलगा म्हणाला.

“अहो, संध्याकाळची ती एक फेरी सोडली तर त्यांच्याकडे आहे काय दुसरं?” सूनबाई म्हणाल्या. “खाली जातात, अंगणात तीन चकरा मारतात, वॉचमनशी गप्पा मारतात. तेवढंही बंद करायचं?”

बरीच वादावादी झाली. शेवटी मुलगा म्हणाला, “ठीक आहे. पण ज्या दिवशी ते दुसऱ्याच्या दारात शिरतील, त्या दिवशी बाहेर जाणं बंद. मग मला काही सांगायचं नाही.”

सूनबाईंनी अट मानली आणि दुसऱ्याच दिवशी मला विकत आणलं.

त्यांची युक्ती मला फार आवडली. बाबांना आकडे आठवत नव्हते, पण हातांनी केलेली वस्तू ते विसरत नव्हते. मग सूनबाईंनी प्रत्येक ऋतूची सजावट त्यांच्याकडूनच करून घ्यायला सुरुवात केली. वेताचं एक गोल कडं होतं. त्यावर कधी शिवणातून उरलेल्या चिंध्यांची फुलं, पावसाच्या दिवसांत निळ्या मण्यांच्या माळा, पानगळीत वाळकी पानं, थंडीत लोकरीचे गोंडे. बाबा चष्मा नाकाच्या टोकावर आणून दिवस दिवस त्यात गढून जायचे. गोंडे करताना एकदा स्वतःच्या बाहीचं बटणही त्यांनी त्यात शिवून टाकलं आणि मग दिवसभर बाही गुंडाळून फिरले.

“बाबा, ही आपल्या घराची खूण हं,” सूनबाई सांगायच्या. “खूण दिसली की समजायचं, घर आलं.”

“एवढं कळतं गं मला,” बाबा म्हणायचे. “वेडा नाही झालो अजून.”

आणि खरंच कळायचं त्यांना! रोज संध्याकाळी पाचला ते बाहेर पडायचे, दार धाडकन ओढून घ्यायचे. ती त्यांची नोकरीतली सवय. कोणाचं दार उघडं राहिलं अशी तक्रार यायला नको म्हणून. अर्ध्या तासाने जिना चढून यायचे, व्हरांड्यात एकेका दाराकडे बघत चालायचे, आणि कड्यापाशी आले की बोटाने एखादा गोंडा टिचकावून म्हणायचे, “आलं घर.” जवळजवळ दोन वर्षं एकदाही चुकले नाहीत. मला वाटायचं, या माणसाचं घर मीच सांभाळतोय. गर्व झाला होता मला, दुसरं काय.

बाबा हळूहळू वाकायला लागले. मान खाली, नजर जमिनीकडे. तसतशी सूनबाईंनी मला एकेक बोटभर खाली आणलं. दर वेळी स्क्रू सैल करायचा, पट्टी सरकवायची, स्क्रू आवळायचा. दर वेळी माझे आटे थोडे आणखी झिजायचे. कोणाला कसं सांगणार? आणि खरं सांगायचं तर, सांगायचं मनातही नव्हतं.

मग तो दिवस आला. थंडी संपत आली होती, कड्यावर गोंडे होते. दुपारी सूनबाईंनी मला पुन्हा खाली सरकवलं आणि चिमटीत धरून स्क्रू फिरवला. तो फिरला, पण आवळला गेला नाही. सूनबाईंना शंका आली असावी. त्यांनी कडं धरून हलवून पाहिलं.

“घट्ट बसलास का रे?” त्या मलाच म्हणाल्या.

त्याच क्षणी मी पडायला हवं होतं. त्यांच्या समोर, त्यांच्या पायाशी. त्यांनी पकड आणली असती, नवा स्क्रू आणला असता, पाच मिनिटांचं काम. पण मी दम धरून राहिलो. दोन वर्षांनी नापास व्हायचं? मी घट्ट असल्याचं सोंग केलं. सूनबाई आत जाऊन मशीनवर बसल्या.

पाच वाजले. बाबा बाहेर पडले आणि नेहमीसारखं धाडकन दार ओढलं. त्या धक्क्याने माझा स्क्रू सुटत सुटत गेला आणि थोड्या वेळाने निखळून टणटण करत व्हरांड्यातून खाली गेला. खालची पट्टी आणि कडं दोन्ही फरशीवर पडलं. बाबा तोवर जिना उतरले होते. आत मशीन घरघरत होतं, त्यामुळे सूनबाईंनाही काही ऐकू गेलं नाही. वरची पट्टी तेवढी दाराच्या माथ्यावर राहिली. म्हणजे अर्धा मी वर, अर्धा मी खाली.

थोड्या वेळाने व्हरांडा पुसणाऱ्या मावशी आल्या. त्यांना फरशीवर कडं दिसलं. “अगंबाई, पडलं वाटतं कोणाचं,” असं म्हणत त्यांनी ते उचललं, पदराने पुसलं. कुठे लावायचं म्हणून इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या दाराला आधीच्या भाडेकरूच्या पाटीचा रिकामा खिळा होता. त्यांनी सरळ कडं पट्टीसकट त्या खिळ्याला अडकवलं, समाधानाने एकदा बघितलं आणि बादली घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या. त्यांचा काय दोष? सहाही दारं सारखी, आणि त्यांची नजर कायम फरशीवर. माथ्यावर बसलेला चॉकलेटी मी त्यांना दिसणार तरी कसा?

मी वरून ओरडत होतो. म्हणजे ओरडावंसं वाटत होतं. माझी खूण दोन हात अंतरावर दुसऱ्याच्या दाराला लटकत होती आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली होती.

बाबा आले. एकेका दाराकडे बघत चालले. आमच्या दारापाशी आले, दार उघडंबोडकं दिसलं, पुढे गेले. गोंडे दिसले. त्यांचा चेहरा उजळला. बोटाने टिचकी मारून म्हणाले, “आलं घर.”

किल्ली लावली, फिरेना. पुन्हा लावली. मग दार वाजवलं. आत एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन एकटीच होती. महिन्याभरापूर्वीच राहायला आली होती, बाबांना ओळखत नव्हती. तिने दार उघडलं आणि बाबा सरळ आत शिरायला लागले.

“अहो काका, कुठे चाललात?”

“कुठे म्हणजे? माझ्या घरात. तू कोण?”

“हे तुमचं घर नाही! बाहेर व्हा!”

“मी स्वतः केलंय हे!” बाबा गोंड्यांकडे बोट दाखवून ओरडले. “माझ्या हातचं आहे! मला शिकवते!”

बाईने घाबरून दार लोटलं, बाबांनी खांदा लावला. त्या रेटारेटीत कडं खाली पडलं, पायाखाली आलं. बाळ टाहो फोडून रडू लागलं. दारं उघडली, माणसं जमली. कोणीतरी बाबांचा दंड धरला. बाबांनी तो झटकला तेव्हा त्यांचा हात त्या बाईच्या गालाला लागला. मारायचं नव्हतं हो त्यांना. पण लागला.

नेमका तेव्हाच मुलगा ऑफिसातून जिना चढून वर आला. सूनबाई मशीन टाकून धावत बाहेर आल्या. बाबा मध्यभागी उभे, शर्टाचा खांदा उसवलेला, सगळ्यांकडे बघत होते. कोपऱ्यातल्या घरातले एक गृहस्थ हातातल्या कपातला चहा फुंकत म्हणाले, “म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला झालाय. कोंडून ठेवा घरात.”

दोनचार जण हसले.

मी दारावर होतो. स्क्रू कोणाचा ढिला होता, ते मला ठाऊक होतं. बाबांचं डोकं त्या संध्याकाळी शंभर टक्के बरोबर चाललं होतं. खूण जिथे होती तिथेच ते गेले. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सूनबाईंना दोन दारांच्या मधोमध तुडवलेलं कडं आणि माझी वाकलेली पट्टी सापडली. त्यांनी स्क्रूच्या रिकाम्या भोकावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता उमजेल यांना.

“ओढून तोडलंय त्यांनी,” मुलगा म्हणाला. “बघ, स्क्रूसुद्धा उडालाय. स्वतःच्या हाताने केलेलं स्वतःच तोडलं. आता तरी पटलं ना?”

सूनबाईंनी कडं आणि पट्टी उचलून आत नेली. अट त्यांनीच मानली होती. तिसऱ्या दिवशी मावशी पुसायला आल्या तेव्हा त्यांना एवढंच समजलं, की मीटरकाकांनी शेजारणीवर हात उचलला. “देवमाणूस होता हो,” असं म्हणून त्या फरशी पुसू लागल्या. आपण लावलेल्या कड्याचा आणि या प्रकाराचा काही संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

बाबांचं बाहेर जाणं बंद झालं. पण पाच वाजले की ते दारापाशी जाऊन कडी हलवायचे, मुलाला हाका मारायचे, रडायचे. मग कोणीतरी मुलाला सुचवलं, की दार दिसलंच नाही तर जायची आठवण होणार नाही. मुलाने मला खाली उतरवलं, ठोकून सरळ केलं, नवा स्क्रू घातला आणि पकडीने करकचून आवळला, वर चिकटवायला दोन थेंब सरसही टाकला. आणि मला उलटं करून दाराच्या आतल्या बाजूला अडकवलं.

आता माझ्यावर एक भलामोठा कापडी पडदा लटकतो. सूनबाईंनीच शिवलाय. ऋतू बदलला की त्यावरची चित्रं बदलतात, कधी पानं, कधी पक्षी. सजावटच आहे ती, आलेगेले कौतुक करतात. त्याच्या मागे दार आहे, हे कळत नाही. मी आता अजिबात सरकत नाही. बाबांना घर सापडावं म्हणून मला आणलं होतं, आणि आता त्यांना दार सापडू नये म्हणून मी उभा आहे. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं आणि इतकी लाजही मला कधी वाटली नव्हती.

परवा बाबा पडद्यासमोर येऊन उभे राहिले. एका पक्ष्यावरून हात फिरवत होते. सूनबाई शेजारी बसून बटणं लावत होत्या.

“सूनबाई, मी काय केलं होतं गं?” त्यांनी विचारलं.

“कधी, बाबा?”

“ते आठवत नाही. पण काहीतरी वाईट केलंय मी. तुम्ही सगळे हळू आवाजात बोलता माझ्याशी. मला लाज वाटते आणि कशाची ते कळत नाही.”

सूनबाईंनी सुई बटणात खोचली. “काही नाही केलं तुम्ही,” त्या म्हणाल्या. पण त्यांना तसं वाटत नव्हतं, आणि बाबांना ते कळलं. ते मान खाली घालून आपल्या खोलीत गेले.

बाबांच्या डोक्यातून घराचा नंबर गेला, मुलाचं नावही मधूनमधून जातं. ही लाज मात्र जात नाही. आणि ती त्यांची नाहीच, माझी आहे.

तुम्ही माझं ऐकताय, तुम्हाला तोंड आहे. तिसऱ्या मजल्यावर या, पडदा बाजूला सारून आत या. सूनबाईंना, मुलाला नंतर सांगितलंत तरी चालेल. आधी बाबांच्या खोलीत जा. त्यांच्याजवळ बसा आणि मोठ्या आवाजात सांगा, “काका, त्या दिवशी तुम्ही चुकला नव्हतात.”

त्यांना आठवणार नाही. तरी सांगा.