दोन गजांमधली जागा

घर बघायला गेले त्या दिवशी शर्मिष्ठाने खोल्या धड पाहिल्याच नाहीत. तिने आधी फाटक पाहिलं. काळं, चाकांवर सरकणारं, दोन पुरुष उंच. मग भिंत पाहिली. चिऱ्याची, आणि वर सिमेंटात रोवलेल्या बाटल्यांच्या काचा, उन्हात हिरव्या-तपकिरी चमकणाऱ्या. गंधार मोरीतला नळ सोडून पाणी किती जोरात येतं ते बघत होता, आणि ही लेकीला, रियाला, कडेवर घेऊन भिंतीच्या कडेकडेने चालत होती. कुठे फट आहे का ते शोधत.

"अगो, घर बघ ना आतून," गंधार म्हणाला.

"बघितलं. घेऊया."

त्याला माहीत होतं ती काय बघतेय.

मिठबावच्या सासरच्या घरी असताना एका पहाटे गंधार ओरोसला ऑफिसला जायला निघून गेला होता. सासूबाई मोठ्या दिरांकडे पुण्याला. शर्मिष्ठा पुन्हा रियाला कुशीत घेऊन पडली आणि तिला अर्धवट झोपेत वाटलं की कोणीतरी पोरीचा गळा कुरवाळतंय. डोळे उघडले तर खिडकीतून आत आलेला हात. नुसता हात, कोपरापर्यंत, काळोखातून आल्यासारखा. दोन बोटं रियाच्या गळ्यातली बारशाची साखळी अलगद सोडवत होती. पोर झोपेतच हसली. तेव्हा शर्मिष्ठाच्या तोंडून आवाजच फुटला नाही. फुटला तो हात गेल्यावर, आणि मग असा फुटला की अर्धी वाडी अंगणात जमली. कोणी तिला पाणी पाजलं, कोणी कोयता घेऊन बागेत धावलं, शेजारची सुभद्राकाकू दोन रात्री तिच्या उशाशी येऊन झोपली. पण तिच्या मनात राहिला तो हातच. साखळी गेली त्याचं काही नाही. हात आणखी वीतभर आत आला असता तर?

म्हणून ही सोसायटी. मालवणच्या अलीकडे, समुद्राला लागून, माडांची बाग तोडून बांधलेली. गंधारने बँकेचं कर्ज काढलं. आत शिरल्यावर शर्मिष्ठाने पहिलं काम केलं ते खिडक्यांना जाळ्या. कुडाळचा जाळीवाला माप घेताना हसला होता. "वैनी, एवढे जवळ गज? मांजराचं पिल्लू तरी येऊ दे की आत."

"नको येऊ दे," ती म्हणाली.

पहिले काही महिने ती खरंच गाढ झोपली. फाटकावर सुदेश वॉचमन, आलेल्या-गेलेल्याला थांबवणारा. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की थांबवायला कोणी येतच नाही. घरांना कुलपं. मालक मुंबई-पुण्याचे, मे महिन्यात नि दिवाळीला येणारे. बारा महिने राहणारी दोनच कुटुंबं, ही तिघं आणि कोपऱ्यावरचे निवृत्त गुरुदासकाका-सरलाकाकू. भिंतीपलीकडे मात्र गाबतवाडी, मासेमारांची वस्ती. तिथून माणसांचा आवाज यायचा, भांडणं, हसणं, किनाऱ्यावर रापणीची मोठी जाळी ओढताना काढलेले हेल. पूर्वी वाडीची पाणंद या बागेतूनच रस्त्याला लागायची. आता तिच्या तोंडावर भिंत आली होती, आणि वाडीतल्या माणसाला रस्त्यावर यायला सगळा वळसा घालून यावं लागे. वाडीतली मथुराकाकी सुरुवातीला माशांची पाटी घेऊन दारात यायची. मग कोणा मालकाने वासाची तक्रार केली, आणि मासेवाल्यांना आत बंदी झाली. तेव्हापासून शर्मिष्ठा फाटकाच्या सळ्यांमधून बांगडे घ्यायची.

"काय गो बाय," मथुराकाकी पाटी उतरवता उतरवता म्हणायची, "तू तुरुंगात काय मी तुरुंगात, कळणाच नाय माका."

रिया सळ्यांतून हात काढून तिच्या नथीला झोंबायची. सुदेश तोंड फिरवून हसायचा.

ऑक्टोबरातली ती दुपार. ऊन असं की माडाची सावलीसुद्धा तापलेली. लोडशेडिंग चालू होतं. त्या वर्षी दुपारची लाईट जायची ती साडेतीनला यायची. सुदेश पार मागच्या टोकाला पंपाच्या खोलीत, जनरेटर लावून टाकीत पाणी चढवत बसलेला. शर्मिष्ठाने रियासाठी दूध गॅसवर ठेवलं. पोर स्वयंपाकघरातच फरशीवर डब्यांची झाकणं मांडून बसली होती. समुद्राकडून वारा सुटला तशी तिला बाहेर वाळत घातलेल्या दुपट्यांची आठवण झाली. एवढीशी तर गोष्ट. ती चपला न घालता बाहेर आली, दुपटी गोळा केली, आणि पाठीमागे धाडकन आवाज झाला.

तिच्या माहेरी, वैभववाडीला, दिवसाउजेडी दार लोटायची रीतच नव्हती. मिठबावलाही नाही. उघड्या दारातून कितीदा तरी आतबाहेर करायचं, हेच पायांना ठाऊक. या दाराला लॅच होतं. ओढलं की आपोआप लागणारं. चावी आत खुंटीला, दुसरी गंधारच्या खिशात ओरोसला. मोबाइल आत, फ्रिजवर. मागच्या दाराला दोन कड्या, तिनेच लावलेल्या.

"रिया," ती दारावर थाप मारून हसत म्हणाली. अजून हसत होती. "रियू, आई बाहेर राहिली बघ."

मग तिला दूध आठवलं.

ती धावत घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. काच सरकवली. टोपातलं दूध वर आलं होतं, साय फुगत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते कडेवरून ओघळलं. चर्र झालं. निळी ज्योत एकदा लवली आणि विझली. बारीक फुसफुस मात्र चालूच राहिली.

वास यायला वेळ लागला नाही.

तिने गजांतून हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, वर दंड अडकला. शेगडी खिडकीखालच्या ओट्यावरच, पण बटणं पलीकडच्या बाजूला, एक वीत लांब. तिने दात-ओठ खाऊन खांदा रेटला. गज हलले नाहीत. हलू नयेत म्हणूनच तर बसवले होते.

वाळवणाची काठी आणून तिने बटण ढकलून पाहिलं. काठी घसरली, टोप डुचमळला, उरलेलं दूध सांडून ओट्यावरून खाली ठिबकायला लागलं. रिया ठिबकणाऱ्या दुधाकडे बघून टाळ्या वाजवायला लागली. पुन्हा काठी लावायचा धीर झाला नाही. टोप पडला असता तर सरळ पोरीच्या डोक्यावर.

"रियू, बाहेरच्या खोलीत जा. जा ना राजा, बाहुली आण."

रिया खोकली. तिने आईकडे वर पाहिलं, दोन्ही हात वर केले. घे म्हणून.

गॅस जमिनीलगत सरकतो, असं सिलिंडर आणणाऱ्याने सांगितलं होतं. आणि पोर जमिनीवर बसलेली. त्याहून भयंकर गोष्ट मग तिला सुचली. लाईट. साडेतीनला लाईट येणार. ट्यूबलाईटचं बटण तिने सकाळपासून बंदच केलं नव्हतं. फ्रिज आपोआप सुरू होणार. एक ठिणगी पुरे.

ती गुरुदासकाकांच्या दारावर बुक्क्या मारून आली. तिथे कुलूप, सकाळीच ती दोघं कणकवलीला गेलेली, हे तिला माहीत होतं, तरी मारून आली. "सुदेश!" म्हणून किंचाळली. जनरेटरच्या घरघरीत तो आवाज कुठच्या कुठे गेला. सगळीकडे बंद दारं, नीट रंगवलेली, प्रत्येकाला जाळी. एवढ्या भिंतींच्या आत ती आणि तिची पोर, आणि दोघींच्या मध्ये तिनेच मागून घेतलेले गज.

ती समुद्राकडच्या भिंतीशी आली. दोन्ही तळवे तोंडाशी धरले, आणि लग्न झाल्यापासून जे केलं नव्हतं ते केलं. कुकारो घातला. माहेरी डोंगरावरून शेतात, एका वाडीतून दुसऱ्या वाडीला असा कुकारो जायचा, लांबलचक, शेवटाला वर चढणारा. मास्तराच्या मुलीने असं ओरडू नये म्हणून आई रागवायची. एक घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला घसा फाटला.

पलीकडचं बोलणं थांबलं.

"कोण गो ती?" बाईचा आवाज. मथुराकाकी.

"काकी, मी! पोरग्या आत अडाकला! गॅस सुटलो हा!" कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडी आपसूक माहेरची भाषा आली.

"फाटकातसून जावक वेळ लागतलो," दुसरा, पुरुषाचा आवाज. तो काशीराम, मथुराकाकीचा मोठा मुलगा. सुरूच्या झाडांखाली बसून रापणीचं जाळं शिवत होता. "घे रे, उचल तां जाळां. उचल, उचल!"

भिंतीवर धप्प करून काहीतरी पडलं. अख्ख्या जाळ्याची वळकटी, ओली, जड. तिच्याखाली काचा कडकड मोडल्या. मग काशीरामचं डोकं वर आलं, मग खांदे, आणि तो जाळ्यावर पोट घासत अलीकडे उतरला. तळहाताला रक्त. तो खिडकीशी धावला, हात घातला. त्याचा हात कोपराच्या अलीकडेच अडकला.

त्याने आत रियाकडे बघितलं. पोर आता हातही वर करत नव्हती, भिंतीला टेकून पेंगायला लागली होती. काशीराम मागे वळून भिंतीकडे ओरडला,

"आये! तुझो हात व्हयो गो!"

साठीच्या म्हातारीला त्याने परत भिंतीवर चढून वरून ओढलं, खालून कोणीतरी ढकललं. मथुराकाकी लुगड्याचा काष्टा आवळत उतरली ती थेट खिडकीशी. हातातल्या हिरव्या बांगड्या तिने भिंतीवर आपटून फोडल्या. "काकी, बांगड्या!" शर्मिष्ठाच्या तोंडून निघालं. पण काकीने तिच्याकडे बघितलंही नाही. सुक्या बोंबलासारखा तो काटकुळा हात गजांमधून आत गेला. कोपर गेलं. दंड गेला. गाल गजांवर दाबला गेला, नथ वाकली.

"गावला. हां. खंयच्या बाजून पिरगाळू? आमच्याकडे चूल, माका काय कळता!"

"उजवीकडे... नाही, नाही! तुमच्या डावीकडे, काकी! दाबून!"

फुसफुस थांबली.

तोवर काशीराम पुढच्या दाराशी पोचलाही होता. वाडीतून भिंतीवरून कोणीतरी पहार दिली. दोन घावांत लॅच फळीसकट निघालं. शर्मिष्ठा श्वास धरून आत गेली, रियाला उचललं आणि अंगणात येऊन तिच्या तोंडावर फुंकर घालत राहिली. पोर मऊ, घामेजलेली, डोळे अर्धे मिटलेले. "रियू. रियू गो." काही नाही. काही नाही. मग रियाने नाक मुरडलं, एक मोठा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं.

"रड गो बाय, रड," मथुराकाकी म्हणाली. "चांगली मोठ्यान रड."

काशीरामने मागचं दार उघडून टाकलं होतं, काही न पेटवता, बटणाला हात न लावता. वारा घरातून आरपार वाहत होता. तेवढ्यात आत ट्यूबलाईट दोनदा फडफडून लागली. फ्रिज घुर्र करून सुरू झाला. अंगणातली तिघंही उभी राहिली, घराकडे बघत. घर नुसतं उभं होतं.

जनरेटर बंद झाला तसा सुदेश धावत आला. "अरे, तुम्ही आत कसे? एंट्री कुठे केली?"

"थंय," मथुराकाकीने भिंतीकडे बोट केलं. "मेल्या, माझी सही व्हयी तर काचेवर बग, रगात सापडतला."

संध्याकाळी गंधार आला. तो बराच वेळ रियाला छातीशी धरून बसला. रात्री पुण्याहून सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "हो," गंधार म्हणत होता. "हो, बाहेरचेच. नाही साहेब, चोर नव्हते. नाही..." मग त्याने फोनवर हात ठेवला. "ते म्हणतायत काचा परत लावतो, वरून तारही घालतो. काय सांगू?"

शर्मिष्ठा रियाच्या केसांतून बोटं फिरवत होती. तो मिठबावचा हात अजून गेला नव्हता. आजही डोळे मिटले की तोच दिसत होता. पण त्याच्या शेजारी आता दुसरा होता, बांगड्या फोडलेला.

"सांग, तार घालायची तर आमची सही नाही," ती म्हणाली. "आणि पाणंदीच्या जागी भिंतीत दार ठेवा म्हणावं. नाही ठेवलं तर आपण जाऊ मिठबावला परत."

"तिथे भीती वाटेल तुला."

"इथे वाटत नाही असं कोण म्हणालं?"

दुसऱ्या दिवशी ती रियाला घेऊन फाटकातून बाहेर पडली आणि सगळा वळसा घालून वाडीत गेली. सुरूच्या सावलीत मायलेक जाळ्यातून काचांचे तुकडे वेचत बसले होते. काशीरामच्या हाताला फडकं.

"आज मासळी नाय," तो म्हणाला. "काचच गावली रापणीक."

शर्मिष्ठाने नव्या हिरव्या बांगड्यांची पुडी काकीच्या ओटीत ठेवली, रियाला मांडीवर घेतलं आणि तीही वेचायला बसली. मग मथुराकाकीने विचारलं, "मगे? रवतलंस थंय, की जातलंस?"

"माहीत नाही, काकी. दार ठेवतात का बघायचं."

"तां बग. पण त्या खिडकेचा काय तां आधी कर. पुढच्या वेळेक माझो हात असोच बारीक रवतलो, असां नाय. सून आता बरां जेवक घालता."

त्या आठवड्यात जाळीवाला आला. "कुठला गज काढू, वैनी?" त्याने विचारलं. तिने बाहेरच्या बाजूला जाऊन गजांतून हात घातला आणि जो दंडाला रुतत होता तो दाखवला.

"अहो, कोणाचाही हात येईल मग आत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "काढा."

रात्री तिने रियाचं अंथरूण पलीकडच्या खोलीत, दूरच्या भिंतीशी घातलं. दोनदा उठून स्वयंपाकघरात जाऊन आली. गजांमधल्या त्या मोकळ्या जागेतून बाहेरचा काळोख दिसत होता, आणि वाडीत कोणीतरी खोकत होतं. ती तिथे उभी राहिली. काच ओढायला तिने हात पुढे केला, आणि अर्धी उघडी ठेवूनच परत आली.