तेवीस ओळी

लेकीने एक बटण दाबलं आणि बाबांच्या पुस्तकाची तीनशे चाळीस पानं नाहीशी झाली. मजकूर जागच्या जागी राहिला. गेल्या त्या पानांच्या सीमा, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बाबांनी स्वतः टाइप केलेल्या बारीक अक्षरांतल्या ओळी. पानांचे आकडे, दुसरं काय असणार, म्हणून तिने त्या न वाचताच एकगठ्ठा उडवल्या. लांबलचक अहवाल पडद्यावर सलग वाचता येतील असे करणं हे तिचं रोजचंच काम होतं.

"पान नाही तर माणसाने थांबायचं कुठे?" बाबा कुरकुरले. उभा जन्म छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला माणूस, कुरकुरणारच.

"थांबायचंच कशाला? आई बोटाने वर सारत जाईल. अक्षरंही हवी तेवढी मोठी होतात."

आईसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. बाबांचं लिखाण आधी तिने वाचायचं, मग जगाने, हा घरचा शिरस्ता. आणि आता कागदावरचं तिला दिसेनासं झालं होतं.

चौथ्या दिवशी आई स्वयंपाकघरात लेकीजवळ येऊन उभी राहिली. डोळे लालबुंद झालेले.

"ह्यांचं काही बिनसलंय का गं माझ्यावर?"

"बाबांचं? सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू आहे त्यांचा."

"ते नव्हे. पुस्तक अर्धं वाचून झालं, त्यात एका शब्दाने बोलले नाहीत माझ्याशी."

लेकीला काही उलगडेना. तिने मूळ प्रत उघडली. पहिल्या पानाच्या तळाशी आकडा होता, आणि आकड्यापुढे, 'थांब. डोळ्यांत थेंब घाल.' बाराव्यावर, 'हा जिना तुझ्या माहेरचा. ओळखलास ना?' एकतिसाव्यावर, 'इथे मी खोटं लिहिलंय. भांडण माझ्यामुळेच झालं होतं.' तिला स्वतःचीच लाज वाटली. केर काढावा तशा तिने त्या काढून टाकल्या होत्या.

"बाबा, त्या ओळी परत घालते," ती म्हणाली. "पण आता पानंच नाहीत. घालू कुठे?"

"तिचे डोळे दमतात तिथे."

"ते मला कसं कळणार?"

"तेवीस ओळींनी दमतात. म्हणून तर माझं पान तेवीस ओळींचं." बाबांनी चष्मा काढून पुसला. "आता वय झालंय तिचं. वीस धर."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई खिडकीशी वाचत बसली होती. पडद्यावरचं बोट मध्येच थांबलं. तिने शेजारची थेंबांची बाटली उचलली, मान मागे टाकली आणि बाहेरच्या खोलीला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाली,

"घालतेय हो."