बाबाचा कप्पा

बाबा मायचा लाल परकर खांद्यावर टाकून पानठेल्यावर गेला, त्या दिवशी मी आलमारी खाली केली.

त्याले वाटलं दुपट्टा हाय. आलमारीत हात घातला, जे भेटलं ते ओढलं. त्याले दिसत नोहतं. त्याच्या पहिलेच्या पावसाळ्यात देवीलालभाऊच्या कापसाच्या पऱ्हाटीत फवारा मारता मारता औषध आंगात गेलं. यवतमाळच्या दवाखान्यात लय दिवस पडून होता. जीव वाचला, पन डोये गेले. उजेड-अंधार समजे, पुढून कोनी गेलं त सावली समजे. बस.

पानठेलेवाला म्हने, "उकंडाभाऊ, मंग वहिनीनं आज काय नेसलं?"

सारे हासले. श्रावण सगळ्यात जास्त हासला. श्रावण माहा दोस्त, आम्ही दोघांनी संगंच शाळा सोडली. मी त्याच्या थोबाडावर एक ठेवून देल्ली. ओठ फाटला त्याचा, तरी हासूनच राह्यलता.

मी बाबाचा हात धरून घरी आनला. रस्त्यानं तो म्हने, "काय होतं बे ते?"

"दुपट्टाच होता."

"मंग हासले काहून?"

 बाबा चालता चालता कापड चाचपून राह्यलता. खालच्या झालरीवर आला अन त्याचा हात थांबला. मंग त्यानं ते खांद्यावरून काहाडलं, गोया केलं अन माह्या हातात देल्लं. त्या दिवसापासून तो बाहीर जाईच ना. खोलीतल्या बाजीवर बसून राहे.

आलमारी मायच्या लग्नातली. लोखंडी, कुलूप कवाचंच गेलं. दार लागाव म्हनून फटीत चिंधी खोसा लागे. चिंधी काहाडली का सारं आंगावर. मी सगळं बाजीवर ओतलं. गोधड्या, मायचे लुगडे, माहं दप्तर, बियान्याचे रिकामे पाकिटं, एकच मोजा, मिक्सरचं झाकन. आमच्या घरी मिक्सर कधीच नोहता. सगळ्यात खाली पन्नीत बांधलेले बाबाचे फवारनीचे कपडे. गाठ सोडली त वास तसाच. तोच, डोक्यात जाते तो.

तेवढ्यात माय वावरातून आली. "हे काय मांडलं रे?"

"दिसत नाही का?" मी म्हतलं. तोंडातून निंघून गेलं. बाबा तिथंच भिताडाले टेकून उभा होता. 

मी पन्नी उचलून उकिरड्यावर फेकून आलो. मायनं ती वापस आनली. "पॅन्ट चांगली हाय, धुतली का होते."

"वास घे तिचा."

"घेतला."

"मंग?"

"मंग काय? उघडं फिरतं का बापानं?"

मी पन्नी हिसकली अन नाल्यात नेऊन टाकली. माय दारात उभी राहून पाहे. तिचा आवाज चढला असता त मीही चढवला असता. तिनं चढवला नाही. तिच्यात तेवढं उरलं नोहतं.

मंग मी कप्पे पाडले. वरच्यात गोधड्या. खालच्यात मायचं अन माहं. मधला कप्पा पूर्न बाबाचा. डाव्या हाताले पॅन्ट, मधात शर्ट, उजव्या हाताले बनेन अन दुपट्टा. खोक्याचे पुठ्ठे कापून मधात उभे केले, म्हनजे एक घडी दुसऱ्यावर लवंडत नाही.

गोची एकच होती. बाबाचे दोन शर्ट सारखेच. मामाच्या लग्नात आहेरात दोन कापडं आलते, एकाच टेलरनं शिवले, एकच कॉलर, एकच खिसा. एक पांढरा, एक आभायी. पांढरा विहारात जाच्या कामाचा, पौर्णिमेले. हातानं काही समजत नाही. मंग मी पांढऱ्याच्या कॉलरच्या आतून एक बटन टाचलं. बोट फिरवलं का समजलं.

पहिल्या दिवशी मी त्याचं मनगट धरून दाखवलं. "हे पॅन्ट. हे शर्ट. बटन लागलं?"

त्यानं मनगट झटकलं. "मी का लेकरू हावो?"

"मंग घाला परकर."

थोड्या वेळानं त्यानं आपून होऊन हात पुढं केला.

मी साऱ्याईले सांगून ठेवलं, जे जिथून काहाडलं ते तिथंच. बाबाच्या कप्प्यात दुसऱ्याचं काहीच नाही. बाबाले एकदाच सांगा लागलं. मायले रोज. ती दिवसभर वावरात वाकून येते अन जे हातात हाय ते आलमारीत कोंबते. फनी, माचिस, गोयांचं पाकीट. एक दिवस बाबाच्या बनेनात कांदे भेटले.

"माय, हे काय?"

"कांदे."

"इथं कायले?"

"लय कलेक्टर झाला तू. दोन घड्या घालता आल्या त."

मी दार असं आपटलं का आरसा तडकला. तडकल्या आरशात पाहूनच ती मंग वेनी घाले. 

पन जमलं. दर रैवारी मी सारं काहाडून नव्यानं लावो. मले दुसरं काम काय होतं? बाबा सकायी उठे, आंघोय करे, आलमारी उघडे, आपला आपून कपडे घाले. पौर्णिमेले पांढरा शर्ट घालून मायचा हात धरून विहारात जाऊन बसे. पानठेल्याकडं नाही गेला, पन दारात बाज टाकून बसाले लागला. मी म्हतलं चला, एक गोष्ट त आपल्या हातानं झाली.

पोया झाला. पऱ्हाटीवर अळी पडली, साऱ्याईच्याच पडली. एक दिवस देवीलालभाऊ फटफटीवर आला. आमच्या गावाले लागून जो तांडा हाय, तिथला हाय तो. मानूस वाईट नाही. बाबा दवाखान्यात होता तवा दोनदा भेटाले आलता.

बाबाजवय बसला अन मायले म्हने, "वहिनी, फवाऱ्याले मानूस भेटून नाही राह्यला. सारे भेतात. विक्कीले पाठवता का? गमबूट देतो, तोंडाले बांधाले कापड देतो. आता काही होत नाही."

मायनं बाबाकडं पाह्यलं. बाबा कोठ्याकडं तोंड करून बसलता.

"अजी, काय म्हनता?"

"मी काय म्हनू?" बाबा म्हने. "मले त काही दिसत नाही."

मायनं माह्याकडं पाह्यलं. ती नाही म्हनन असं मले वाटलं. तिनं आपले हात पाह्यले, मंग खाली पाह्यलं.

"जातो मी," मी म्हतलं.

कायले म्हतलं, मालूम नाही. बाबाले उचलून आनला होता त्या दिवशी मी तिथंच होतो. तोंडातून फेस, हात-पाय ताडताड. मले आठवे, पन आंगावर काही येई ना. दुसऱ्या कोनाचं असाव तसं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जाचं ठरलं. माय रातभर कुशी बदले. मी झोपून गेलो.

पौर्णिमेले संध्याकायी मी नदीवरून आलो त बाबा दारात तयार. पांढरा शर्ट.

मी मायले इचारलं, "तू काहाडून देल्ला?"

"नाही रे, मी आत्ताच वावरातून आली. पाय नाही धुतले अजून."

मी आत जाऊन आलमारी उघडली. आभायी शर्ट पांढऱ्याच्या जागेवर होता. मायनं धुऊन उलटेसुलटे ठेवलते, नेहमीसारखे. ठीक हाय. मंग बाबानं बटन पाहून काहाडला असन. मी बाहीर आलो अन शर्टाची कॉलर नीट करतो असं करून आतून बोट फिरवलं.

बटन नोहतं.

"माय, याच्या आतलं बटन कुठं गेलं?"

"ते तुह्या शर्टाले लावलं, परवा. तुहं तुटलं होतं ना? आत कायले पाह्यजे बटन?"

मी माह्या छातीवर पाह्यलं. बाकी सारे बटनं काये अन एक पांढरं.

जागा चुकलेली, बटन गायब, कापड एकच. अन आंगात बराबर पांढरा.

माय पाय धुवाले मांगं गेली. मी बाबाच्या पुढं उभा राह्यलो. अन एकदम त्याच्या तोंडावर मूठ उगारली. बाबानं मान मांगं घेतली, डोये मिटले.

मंग उघडले. माह्याकडंच पाहून राह्यलता. सावलीकडं नाही, माह्याकडं.

"कवापासून?" मी इचारलं.

"हयू बोल." मंग म्हने, "उन्हाया लागला तवापासून थोडं थोडं. पोयाच्या पहिले साफ झालं. लिंबाचे पानं अलग अलग दिसले एक दिवस."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त पंप आला असता पाठीवर."

"आता माह्या पाठीवर येऊन राह्यला."

 त्याच्या खालच्या ओठाले थरथर होती, दवाखान्यातून आला तवापासूनची. मले वाटलं आता मले राग येईन. मी वाट पाह्यली. कोनालेही मारतो मी, माचिस जागेवर नसली त मायवर वरडतो. पन काहीच आलं नाही. मी तिथं तसाच उभा. बाबाच्या शर्टाची इस्त्री नीट झाली नोहती, ते दिसलं फक्त.

"तुमी बसले होते ना तिथं," मी म्हतलं. "देवीलालभाऊ इचारे तवा. माय तुमाले इचारे तवा."

"बसलतो."

"अन पाहून राह्यलते आमच्याकडं?"

"पाहून राह्यलतो," बाबा म्हने. "तुह्या मायच्या हाताले चिरा पडल्या त्याही दिसल्या. मले भेव लागते, विक्की. त्या डब्याचं झाकन उघडल्याचा आवाज आला, तरी मले भेव लागते. तुले नाही समजनार."

"उद्या समजन," मी म्हतलं.

माय आली, तिनं हात पुढं केला, बाबानं तो धरला अन दोघं विहाराकडं गेले. बाबा तसाच चालला, पाय चाचपत. कोपऱ्यावर एक दगड हाय, तिथं माय म्हने, "दगड हाय जी." तो म्हने, "हो."

मी घरात बसून आलमारी लावली. पूर्न. आभायी शर्ट त्याच्या जागेवर ठेवला. मंग वाटलं, आता कायले? तरी ठेवला.

सकायी देवीलालभाऊ फटफटीवर आला, मांगं पंप बांधलेला. मी गमबुटात पाय घातला. एक मोठा होत होता, आत चिंध्या कोंबल्या. माय भाकर बांधून राह्यलती.

बाबा आतून बाहीर आला. भिताडाले हात न लावता. उंबरठा ओलांडला, बकरीची दोरी आडवी होती ती ओलांडली, अन थेट फटफटीपाशी जाऊन उभा राह्यला.

"देवीलालभाऊ, तुमच्या पंपाची नळी फुटली हाय. इथं, बुडाशी. औषध पाठीवर येईन."

देवीलालभाऊनं वाकून पाह्यलं. मंग बाबाकडं पाह्यलं. "उकंडा, तुले दिसते का?"

"दिसते."

"अरे वा! मंग चाल ना तूच!"

"मी फवारा मारत नाही आता. अन पोरगंही नाही येत."

"मंग खासीन काय बे?"

 मायच्या हातात भाकरीचं फडकं तसंच. तिनं एकच इचारलं, हयूच, "काल त्या दगडापाशी, तवाही दिसे?"

"हो," बाबा म्हने.

मायनं फडक्याले गाठ मारली. घट्ट. मले वाटलं रडन, नाहीतर फेकून मारन. तिनं कोपऱ्यातून आपला विळा घेतला, मंग दुसरा घेतला अन बाबाच्या हातात देल्ला. "चाला मंग निंदाले. बायाईसंगं."

देवीलालभाऊ हासला. "उकंडा, बायाईच्या पातीत बसतं का आता? गावात तोंड कसं दाखवशीन?"

"परकर घालून आलो ना गावातून," बाबा म्हने. देवीलालभाऊचं हासनं थांबलं. त्यानं माह्या पायातले गमबूट मांगून घेतले अन गेला.

माय पुढं, बाबा मांगं, त्याच्या मांगं मी पान्याची कॅन घेऊन. पानठेल्यापाशी कोनीतरी शिट्टी मारली. बाबानं मान वयवली नाही. माय रस्ताभर त्याच्याशी बोल्ली नाही. वावरात बाया एका रांगेत बसल्या होत्या, बाबाले पाहून पदर तोंडाले लावले. एक बाई म्हने, "साधने, नवा गडी आनला का वं?" माय म्हने, "जुनाच हाय." अन सरकून त्याले जागा केली.

बाबा उकिडवा बसला. त्याले निंदता येई ना. गवतासंगं पऱ्हाटीही कापे. माय त्याच्या हातातून विळा घे, एकदा करून दाखवे, वापस दे. 

दुपारच्या पहिले दोन वावराच्या मधल्या धुऱ्याच्या पल्याड, देवीलालभाऊच्या वावरात पावरपंपाचा आवाज सुरू झाला. पऱ्हाटी कमरेइतकी, त्यातून कोनीतरी चालून राह्यलतं, पाठीवर पंप. बाबानं मान वर केली, डोयावर हात धरला.

"श्रावण हाय ना तो?"

मी पाह्यलं. "हो."

"वारं इकडचं हाय," बाबा म्हने अन उठला. बायाईले म्हने, "उठा, त्या टोकाले चाला." बाया उठल्या, पाती सोडून पार त्या टोकाले जाऊन बसल्या. माय गेली. बाबाही गेला.

मी धुऱ्यावर गेलो. "श्रावण्या! वारा पाहून मार बे! आंगावर येऊन राह्यलं तुह्या!"

पंपाच्या आवाजात त्याले काही ऐकू गेलं नाही. त्याच्या तोंडाचं कापड खाली गळ्यात आलतं. त्याले वाटलं मी हाक मारली. त्यानंही हात वर करून हालवला अन पुढं गेला.