मागच्या भिंतीशी

तीस वर्षं मी या चर्चच्या आवाराचा माळी. वाफ्यात एक काडी जास्तीची उगवू दिली नाही. फक्त मागच्या भिंतीशी असलेलं निळ्या फुलांचं रानटी झुडूप बायको उपटू द्यायची नाही. "असू दे हो, तुमचं काय खातंय?" म्हणायची. ती गेली त्या आठवड्यात राग कुणावर काढावा कळेना, तेव्हा मी ते मुळासकट खणून टाकलं.

आता आवारात इथल्याच मातीतली झाडं लावायला स्वयंसेवक आलेत. त्यांच्यातल्या एका बाईंनी मला त्याच फुलांचा फोटो दाखवला.

"काका, हे आता कुठेच मिळत नाही. तुम्ही पाहिलंय कधी?"

"नाही," मी खेकसलो.

तेव्हापासून रोज सकाळी भिंतीशी जातो आणि त्या उघड्या मातीला झारीने पाणी घालतो.