दुमडलेली पट्टी

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या मराठी मंडळात वसुधाकाकूंना ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याशी दहा मिनिटं निवांत बोललाय असाही सापडणार नाही. त्या कार्यक्रमाला आल्या की लोक वाकून नमस्कार करतात, "काकू, कशा आहात?" असं तोंडभरून विचारतात आणि उत्तर यायच्या आत समोशांच्या रांगेत जाऊन उभे राहतात. त्यात कोणाचं काही चुकतं असं नाही. प्रत्येकाला नोकरी आहे, पोरं आहेत, पोरांचं सॉकर आहे. त्र्याहत्तर वर्षांच्या एकट्या बाईचं उत्तर ऐकायला वेळ लागतो, आणि तो कोणाकडेच नसतो.

काकू भूलतज्ज्ञ होत्या. तीस-बत्तीस वर्षं मिनिआपोलिसच्या एका हॉस्पिटलात त्यांनी माणसांना झोपवलं आणि वेळेवर उठवलं. यजमान सुमंतराव गेले त्याला आता चार वर्षं झाली. मुलगा राजीव दूर अल्फारेटाला असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. "आई, ऑल गुड ना?" या प्रश्नाला "हो" सोडून दुसरं उत्तर दिलं तर पोराच्या जिवाला घोर लागतो, म्हणून त्या "हो" म्हणतात. घर मोठं आहे, आणि हिवाळ्यात त्यात हीटरचा तेवढा आवाज असतो.

गेल्या उन्हाळ्यात त्या एकट्याच एका म्युझियममध्ये गेल्या. तिथं फॅसिस्ट राजवटींतल्या बायकांवर प्रदर्शन लागलं होतं. काकू गेल्या होत्या खरं तर तिथल्या गार हवेसाठी, पण एका भिंतीसमोर त्या पाऊण तास खिळून राहिल्या. पोस्टरवर गोऱ्यापान आया, गोंडस बाळं, खिडकीत फुलं. शेजारी त्याच काळातले कारखान्यांचे फोटो. इटलीत बायकांची मजुरी पुरुषांच्या निम्म्यावर आणली होती. जर्मनीत नव्या जोडप्याला सरकार कर्ज द्यायचं, अट एवढीच की नवरीनं नोकरी सोडायची. आणि मधोमध, जर्मनीच्या हुकूमशहानं बायकांच्या सभेत काढलेले उद्गार: स्त्रीचं जग म्हणजे तिचा नवरा, तिची मुलं आणि तिचं घर.

काकूंच्या अंगावर काटा आला, तो त्या वाक्यातल्या क्रौर्यानं नव्हे. वाक्य इतकं ओळखीचं होतं! त्यांच्या आत्यानं ते जसंच्या तसं म्हटलं असतं, वर मायेनं डोक्यावरून हातही फिरवला असता.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरचं भरतकामाचं सामान काढलं. लग्न ठरायच्या वेळी मुलीनं भरलेलं 'सुस्वागतम्' पाहुण्यांपुढं ठेवायची पद्धत होती. वसुधा तेव्हा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होती, पण त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. सुमंतरावांच्या मावशीनं मात्र चौकट हातात घेतली, उलटी केली आणि मागचे टाके न्याहाळले. गाठी नाहीत, दोरे लोंबत नाहीत, म्हणजे मुलगी नीटनेटकी. जुन्या बायका भरतकाम असंच बघायच्या, मागून.

तर काकूंनी चार महिने खपून तसंच एक 'सुस्वागतम्'च्या धाटणीचं काम केलं. दोन पोपट, वेलबुट्टी, कमळं, आणि मधोमध लाल रेशमात त्या हुकूमशहाचं वाक्य, अस्सल मराठीत. खाली वीतभर पट्टीत काळ्या दोऱ्यानं यंत्रांवर वाकलेल्या बायकांची रांग, आणि त्यांच्या पायाशी बारीक अक्षरांत: 'जर्मनीचा हुकूमशहा, १९३४, महिलांच्या सभेत.' वरचं वाचून माणूस हसला पाहिजे आणि खालचं वाचून हसू आवरलं पाहिजे, एवढाच त्यांचा बेत होता. इतकी मनासारखी गोष्ट त्यांनी आयुष्यात दुसरी केली नव्हती. दाखवायची कोणाला, हा प्रश्न होता.

दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळानं कलादालन ठेवलं होतं. अध्यक्ष प्रतिमा, पन्नाशीची, तीन माणसांचं काम एकटी उपसणारी बाई. तिनं चौकट बघितली आणि तिचा चेहरा उजळला. मग नजर खाली गेली आणि तो उतरला.

"काकू, काम सुपर्ब आहे. पण हे खालचं... म्हणजे मला कळतंय हो तुम्हाला काय म्हणायचंय. पण सध्याचे दिवस बघताय ना? कितीजणांची ग्रीन कार्डं अडकलीयेत. माझ्या सख्ख्या भावाचं अडकलंय. कोणी फोटो काढून फेसबुकवर टाकला तर? उगाच कशाला रिस्क? मंडळात पॉलिटिक्स नको. खालची पट्टी तेवढी आत घ्या ना. प्लीज."

काकूंनी चौकट उघडली, पट्टी मागं दुमडली आणि चौकट पुन्हा बंद केली. कात्री लावली नाही, एवढंच. आपण का ऐकलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. प्रतिमा रागावली असती तर तिचा दर शनिवारचा फोनही बंद झाला असता, आणि आठवड्यात मराठीत वाजणारे फोन होते दोनच. मनाची समजूत त्यांनी अशी घातली, की कोणीतरी जुनी बाई येईल, सवयीनं चौकट उलटी करून टाके बघेल आणि पट्टी तिच्या हाताला लागेल.

कोणी उलटी केली नाही. भिंतीवर टांगलेलं उलटून बघतंय कोण! समोरून मात्र झुंबड उडाली. नवरे बायकांना चौकटीशेजारी उभं करून फोटो काढत होते. एका गृहस्थांनी काकूंचे दोन्ही हात हातात घेतले. "अहो, इतकं शिकून सवरून तुम्ही हे म्हणता, याला व्हॅल्यू आहे. आमच्या मुलींना हेच सांगायला हवंय कोणीतरी." काकूंनी तोंड उघडलं, पण मागं रांग होती, आणि रांगेतला प्रत्येकजण त्यांच्याशीच बोलायला थांबला होता. चार वर्षांत असं घडलं नव्हतं. त्या हसल्या आणि "थँक यू" म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या आठवड्यात प्रतिमाचा फोन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून काकूंच्या भरतकामाचं मॅग्नेट द्यायचं ठरलं होतं, फ्रिजवर लावायचं. घरटी एक. आणि काकूंचा सत्कार. "आणि तुम्ही पुढं बसायचं हं काकू. आमच्याकडे तसलं काही मानत नाहीत." 'तसलं' म्हणजे काय ते दोघींनाही ठाऊक होतं. सुमंतराव गेल्यापासून हळदीकुंकवाला काकूंना बोलावणं असायचंच, पण त्या आपोआप किचनमध्ये तिळाच्या वड्या डब्यात भरायला जायच्या आणि त्यांना कोणी बाहेर या म्हणायचं नाही. "बरं," काकू म्हणाल्या. राजीवला सांगितलं तर तो खूश झाला. "आई, यू आर फेमस! एन्जॉय कर."

जानेवारीत बर्फ पडला की काकू गाडी बाहेर काढत नाहीत. अदिती त्यांना किराण्याला न्यायची. नागपूरची पोरगी, कम्प्युटर इंजिनिअर. नवऱ्याच्या, अमेयच्या, व्हिसावर आलेली, त्यामुळे कामाची परवानगी नाही. दोन वर्षं घरी. त्या दिवशी सामान घेऊन परतताना ती म्हणाली, "काकू, चहा घेऊनच जा नं."

फ्रिजवर मॅग्नेट होतं. प्रतिमानं नमुन्याला म्हणून काही घरी आधीच वाटली होती. दोन पोपट, कमळं, लाल अक्षरं, आणि खाली फ्रिजचा पांढरा पत्रा.

"अमेयनं लावलंय," अदिती पाठमोरीच म्हणाली. "परवा मी जरा चिडले होते. म्हटलं, डोकं फिरायची वेळ आली आहे माझी, आपण परत जाऊ यार, निदान मला काम तरी करता येईल. तर तो म्हणाला, हे वाच. वसुधाकाकूंनी लिहिलंय. त्या डॉक्टर होत्या, तरी त्यांना शेवटी हेच पटलं." तिनं कप टेबलावर ठेवला. "तुम्ही मनापासून लिहिलंय का हो काकू ते? रागावू नका. मला फक्त माहिती पाहिजे. म्हणजे मग मी प्रयत्न करीन तसं वाटून घ्यायचा."

काकूंच्या घशाशी उत्तर आलं होतं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, पट्टी, प्रतिमा, तो "थँक यू". संक्रांत चार दिवसांवर होती. त्या म्हणाल्या, "चहा छान झालाय गं," आणि कप संपवला. घरी येऊन जिन्याच्या पायरीवर त्या बूटही न काढता बसून राहिल्या. आयुष्यभर त्यांनी भूल दिलेल्या प्रत्येक माणसाला स्वतः उठवलं होतं, उठल्याशिवाय खोली सोडली नव्हती. आणि आता सगळं गाव झोपवून त्या सत्काराला निघाल्या होत्या.

हळदीकुंकवाला शाळेचा हॉल फुलला होता. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, काचेबाहेर ढिगांनी बर्फ. काकूंना पहिल्या रांगेत मधली खुर्ची मिळाली. प्रतिमानं सर्वांदेखत त्यांना कुंकू लावलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. टेबलावर मॅग्नेटांची टोपली, शेजारी ती चौकट.

"दोन शब्द बोला ना काकू."

काकूंनी नारळ खाली ठेवला. चौकट उचलून उलटी केली, मागच्या खिट्ट्या सरकवल्या. बायकांना वाटलं, काकू टाके दाखवताहेत. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी कौतुकानं वाकल्यासुद्धा. काकूंनी दुमडलेली पट्टी ओढून सोडली आणि कापड दोन्ही हातांनी समोर धरलं. यंत्रांवर वाकलेल्या, काळ्या दोऱ्यातल्या बायका पहिल्यांदाच उजेडात आल्या. मधे घडीची रेघ पडली होती.

"हे वाक्य माझं नाही," काकू म्हणाल्या. माइक नव्हता, पण आवाज पोचला. "हे जर्मनीच्या हुकूमशहाचं आहे. त्यानं बायकांना नोकऱ्या सोडायला लावल्या, जास्त मुलं झाली की पदकं दिली. आणि पुढं लढाईत पुरुष कमी पडले, तेव्हा त्याच बायकांना कारखान्यात बोलावलं. हे मी खाली भरलं होतं, आणि मीच दुमडलं. तुम्ही सगळे माझ्याशी बोलायला लागलात ना, म्हणून गप्प राहिले. मी तीस वर्षं काम केलं आणि मला ते फार आवडायचं. घरात कोणी हे मॅग्नेट लावलं असेल, तर ते माझं मत नाही, एवढं घरी सांगा."

मग मागून एक आवाज आला, अगदी निरागस. "पण काकू, कोणी का म्हटलेलं असेना, वाक्य तर चांगलंच आहे ना?"

थोडं हसू फुटलं, सुटका झाल्यासारखं. प्रतिमाचा चेहरा पांढरा पडला होता. "आजच्या दिवशी तरी गोड बोलायचं हो काकू," ती हळूच म्हणाली आणि मोठ्यानं, "चला चला, तिळगूळ घ्या सगळ्यांनी!"

वाणाची टोपली दाराशी होती. काहींनी मॅग्नेट घेतलं, काहींनी घेतलं नाही, बऱ्याचजणींनी इकडंतिकडं बघून पर्समध्ये टाकलं. काकूंच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. अदितीनं त्यांना घरी सोडलं. दारात गाडी थांबवून तिनं इतकंच म्हटलं, "सांभाळून उतरा, निसरडं आहे."

शनिवार आला, प्रतिमाचा फोन आला नाही. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हळदीकुंकवाचे फोटो पडले, त्यांत काकू एकाही फोटोत नव्हत्या. रविवारी राजीवनं विचारलं, "आई, फंक्शन कसं झालं?" त्या म्हणाल्या, "छान." एवढ्या वर्षांत एकटेपणाची सवय झाली असेल असं त्यांना वाटत होतं. पण हा एकटेपणा नवा होता, कारण तो त्यांनी आपल्या हातानं ओढवून घेतला होता. त्यांनी चौकट दिवाणखान्यात लावली, पट्टी सोडलेली तशीच. बघायला त्या एकट्या होत्या. आठवडाभर बर्फ पडत राहिला आणि त्यांनी दारातला काढला नाही.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. अदितीनं फोटो पाठवला होता. तिचा फ्रिज. मॅग्नेट तिथंच होतं, आणि त्याखाली चिकटवलेली कागदाची लांबट पट्टी. त्यावर पेननं काढलेल्या, वाकलेल्या बायकांची रांग, वेड्यावाकड्या, एकीला तर डोकंच नीट नव्हतं. खाली नाव, साल, सभा. आणि रांगेच्या शेवटी एक जास्तीची बाई, रिकाम्या टेबलाशी बसलेली, हातात काहीच नसलेली.

खाली मेसेज होता. 'अमेय म्हणतो काढ. मी म्हटलं, वाक्य तू लावलंस, पट्टी मी. दोन दिवस झाले, बोलत नाहीये माझ्याशी. तुमच्याशी कोणी बोलतं का, काकू?'

काकूंनी 'हो' टाइप केलं. सवयच होती ती. मग खोडलं. लिहिलं, 'नाही.'

उत्तर लगेच आलं. 'मग मी येते. सुई कशी धरतात ते शिकवाल?'

काकूंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दारापासून रस्त्यापर्यंत गुडघाभर बर्फ साचला होता. त्या उठल्या, कोट चढवला, गॅरेजमधलं फावडं घेतलं आणि गाडी आत येईल एवढी वाट मोकळी करायला लागल्या.